बाकावरचा शेजारी

घर आणि कामाची जागा यांत अंतर किती असावे, हा प्रश्न आपल्या खापरपणजोबांना पडला नसावा. कुंभाराचे चाक अंगणात फिरत होते, विणकराचा माग घरातच होता आणि सोनार आपल्या पडवीत फुंकणी घेऊन बसे. १८५३ साली बोरीबंदराहून ठाण्याला आगगाडी धावली, १८५४ साली मुंबईत पहिल्या कापसाच्या गिरणीची स्थापना झाली, आणि मग हळूहळू कामाने घराचा उंबरा ओलांडला. भोंग्याबरोबर उठावे, डबा घ्यावा, गर्दीत शिरावे, हा माणसाचा नित्यधर्म होऊन बसला. आता तेच काम पिशवीत मावेल एवढ्या यंत्रात शिरून पुन्हा घरी आले आहे. आजोबा कामाला जात. नातू कामाला बसतो.

कामगाराला कामाकडे नेण्याऐवजी कामच त्याच्याकडे न्यावे, ही कल्पना जॅक नाइल्स या अमेरिकन अभियंत्याने १९७३ साली मांडली. पण कल्पना चांगली आहे एवढ्यावर जग हलत नाही. मार्च २०२० मध्ये साथीने सर्वांना घरात कोंडले, तेव्हा कुठे ती घरोघर पोचली. साथ ओसरली, कचेऱ्यांची दारे उघडली. तरी संगणकावर काम करणारी पुष्कळ मंडळी अजूनही आठवड्यातले काही दिवस, आणि काहीजण तर सगळेच दिवस, घरूनच काम करतात.

यात सुख आहे, हे आधीच कबूल केलेले बरे. विरारहून किंवा कल्याणहून रोज लोंबकळत मुंबई गाठणाऱ्या माणसाला कुणी दोन-तीन तास परत दिले, तर त्याने ते का घेऊ नयेत? तान्हे मूल असलेल्या बाईची नोकरी टिकते, ज्याला जिने चढवत नाहीत त्याला रोजगार मिळतो, म्हाताऱ्या आईबापांना मुलाचे तोंड दिसते. तेव्हा कचेरीच्या नावाने गळा काढण्याचे मला कारण नाही. शिवाय मी कादंबऱ्या लिहितो, आणि ते काम मी जन्मभर घरीच करीत आलो आहे.

पण मी शाळामास्तरही आहे, आणि माझी शंका त्या खुर्चीतून आलेली आहे. दर जूनमध्ये मी मुलांना बाकांवर बसवतो. प्रत्येकाला आपल्या दोस्ताजवळ बसायचे असते. मी मुद्दाम तसे होऊ देत नाही. डॉक्टरांच्या मुलाशेजारी हमालाचा मुलगा येतो, बडबड्याशेजारी मुखदुर्बळ येतो. आठवडाभर रुसवेफुगवे चालतात. मग खोडरबराची देवघेव होते, मग डब्यातल्या लोणच्याची, मग एक कडकडीत भांडण होते. दोघांची मैत्री होतेच असे नाही. पण शेजारच्या मुलाला दूरचे दिसत नाही, किंवा त्याच्या घरी सध्या वडिलांना काम नाही, हे त्याच्या आधी मला कुणी सांगत असेल तर तो हा बाकावरचा शेजारी. साथीच्या काळात आम्ही मोबाइलवर शाळा भरवली. गणित शिकवता आले, कविताही शिकवता आली. बाक मात्र काही केल्या त्या यंत्रात बसेना.

मोठ्यांच्या जगात कचेरी हा असाच एक बाक होता. तिथली माणसे आपण निवडलेली नव्हती. पलीकडच्या टेबलावरचे कुरकुरे गृहस्थ, लोकलच्या ठरलेल्या डब्यात टाळ वाजवणारी भजनी मंडळी, फाटकापाशी चहाची किटली घेऊन उभा असलेला माणूस, हे सगळे आपल्या वाट्याला आलेले होते. नाइल्सने आपली कल्पना मांडली त्याच १९७३ साली मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने एक निबंध प्रसिद्ध केला. नोकरीची वार्ता माणसाला जिवलगांपेक्षा नुसत्या ओळखीच्या माणसांकडून अधिक वेळा कळते, असे त्याला दिसून आले. कारण उघड आहे: जिवलगांना जे ठाऊक असते ते बहुधा आपल्यालाही ठाऊक असते. पुढे २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या अमेरिकेतील साठ हजारांहून अधिक नोकरांची पाहणी छापून आली. सगळे घरून काम करू लागल्यावर एकेका गटातली माणसे आपसांत अधिक बांधली गेली, पण इतर गटांशी त्यांना जोडणारे दुवे विरळ झाले. जवळचे जवळ राहिले, लांबचे आणखी लांब गेले.

वाचक म्हणतील, मग बिघडले काय? न निवडलेल्या माणसांचे आपण काय देणे लागतो? प्रश्न रास्त आहे. त्याला उत्तर म्हणून मला एकच गोष्ट सांगता येते. माझा एक जुना विद्यार्थी पुण्यातल्या नोकरीचे काम आमच्या गावी, आपल्या घराच्या माडीवर बसून करतो. त्याची आई एकदा मला म्हणाली, "गुरुजी, पोरगं घरी आलं, पण गावात नाही हो आलं." गेल्या पावसाळ्यात त्यांच्याच आळीतले एक म्हातारे गृहस्थ वारले. याला ते तिसऱ्या दिवशी कळले, आणि तेही बंगलोरच्या मित्राकडून, मोबाइलवर. मुलगा वाईट नव्हे. वेळेवर कळते तर खांदा द्यायला तो सर्वांच्या आधी धावला असता. पण चांगुलपणालाही काहीतरी कानावर यावे लागते. ज्याच्या कानावर फक्त निवडलेल्या माणसांचेच शब्द पडतात, त्याचे मन मोठे असूनही हात पोचत नाहीत.

दोष घरून काम करण्याला द्यावा, तर सोलापूरच्या बायका आठवतात. तिथे कित्येकजणी तेंदूची पाने आणि तंबाखू घरी आणतात व मांडीवर सूप घेऊन विड्या वळतात. ते काम कष्टाचे आहे, तंबाखूच्या धुळीने छाती भरते, आणि मोबदला हजारी विड्यांवर मिळतो. त्याचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. पण चार शेजारणी एका दारात सूप घेऊन बसल्या की हात चालू राहतात आणि कुणाची लेक माहेरी आली, कुणाचे पोर तापाने फणफणले, हेही कळत राहते. म्हणजे काम घरात आल्याने माणसे तुटतात असे नव्हे. कामाबरोबर दारही आत ओढून घेतले, म्हणजे तुटतात.

कचेरीने आपल्यावर सक्तीने लादलेला शेजार आता आपणच हौसेने पत्करायला हवा. तो आपोआप मिळत होता, म्हणून त्याला किंमत असेल असे कधी वाटले नाही. दिवाळीत फराळाचे ताट घेऊन आपण शेजारी जातो, ते काही शेजारी आवडीचा आहे म्हणून नव्हे. तो शेजारी आहे म्हणून. ज्यांच्याशी नळावरून अबोला आहे त्यांच्याकडेही ताट जाते, आणि रिकामे परत येत नाही. त्यांच्या करंज्या जरा कडक असतात, हेही आपल्याला दरवर्षी कळते. माडीवर काम करणाऱ्या मंडळींना या दिवाळीत माझे एवढेच सांगणे आहे: ताट मुलाच्या हाती धाडू नका. जिना उतरून स्वतः जा, आणि "बसा" म्हणाले, तर पाच मिनिटे बसा.