पाचवीचा बोर्ड

अंबरनाथच्या पालेगावात चहूबाजूंनी टॉवर उभे राहिले, तेव्हा तिथल्या एका शाळेलाही वाटलं, आपण मागे का राहावं? देणगीदार सापडला आणि पाचवीच्या वर्गात मोठा स्मार्ट बोर्ड लागला. नारळ फुटला, हार चढला, फोटो ग्रुपवर गेले. फोटोत बोर्ड होता, देणगीदार होते. मुलं तेवढी नव्हती.

मग रोज पडदे ओढून धडा ‘लावला’ जाऊ लागला. गुरुजी व्हिडिओ सुरू करत आणि कोपऱ्यात बसून ऑनलाइन माहिती भरत. ती तरी कुठे संपते! वर्ग चिडीचूप. मुख्याध्यापक दारातून डोकावत आणि पोरं कशी रमलीत म्हणून खूश होत.

गुरुजींची बदली झाली, त्यांच्या जागी बाई आल्या. नद्यांचा व्हिडिओ संपल्यावर त्यांनी सहज विचारलं, “आपली वालधुनी कुठून कुठे जाते?” ॲमेझॉनची लांबी घडाघडा सांगणारा वर्ग गप्प. शेवटी एक जण म्हणाला, “बाई, ती नदी नाही, नाला आहे.”

बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा आणि ते सांगतील ते मोबाइलवर रेकॉर्ड करून आणा. दोन मिनिटं पुरे.”

दुसऱ्या दिवशी बोर्डावर नऊवारीतली एक आजी दिसली आणि वर्गात एकच कल्ला झाला. आजी ठसक्यात सांगत होती, “आमचे येलेला या पान्यान मासं गावाचं!” शेवटच्या बाकावरचा, कधी तोंड न उघडणारा मुलगा उभा राहिला. “मग मासे गेले कुठे?”

कुणी कारखान्यांचं नाव घेतलं, कुणी आपल्याच सोसायटीच्या कचऱ्याचं. बाईंनी बोर्डावर नकाशा उघडला. अंबरनाथचं शिवमंदिर, उल्हासनगर, कल्याणची खाडी. पोरं बोटानं नदी ओढू लागली, चुकलं की एकमेकांना ढकलून पुसू लागली. मंदिरातला शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा, हेही तिथंच निघालं. मध्येच लाईट गेली. भांडण चालूच राहिलं.

गलका ऐकून मुख्याध्यापक आले. “मॅडम, हे काय? जरा डिसले गुरुजींसारखं काहीतरी करा.”

“सर, २००९ साली डिसले गुरुजी सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शाळेत रुजू झाले, तेव्हा शाळेच्या इमारतीची रया गेली होती. त्यांनी पुस्तकांना क्यूआर कोड जोडले, पोरांना घरच्या फोनवरही कविता ऐकता यावी, धडा बघता यावा म्हणून. २०२० मध्ये त्यांना दहा लाख डॉलरचं ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं आणि त्यातले निम्मे पैसे त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकी नऊ शिक्षकांना वाटून टाकले. त्याआधीच बालभारतीच्या पुस्तकांवरही कोड आले होते. आपल्या पोरांच्या दप्तरातही ते आहेत, सर. आजवर एकानंही उघडलेला नाही.”

मुख्याध्यापकांनी एका मुलाचं पुस्तक मागून घेतलं, खिशातून फोन काढला आणि कोडवर धरला. पोरं भोवती गोळा झाली.

पडदे आता स्नेहसंमेलनात कामाला येतात. बोर्ड रोज चालतोच असं नाही, पण चालतो तेव्हा त्याच्यापुढे पोरं उभी असतात.

तुमच्याही मनात गावच्या शाळेला बोर्ड द्यायचं असेल, तर आधी तिथल्या बाईंना भेटा आणि तो कोणत्या धड्याला लागणार आहे ते विचारा. कदाचित त्या म्हणतील, बोर्ड राहू द्या, आधी इंटरनेटचं बिल भरा.