यमक : गुपिताचे आणि भजनाचे

लंडनच्या पूर्व भागातील बोलीत जिन्याला ‘ॲपल्स अँड पेअर्स’ म्हणतात, कारण ‘पेअर्स’चे यमक ‘स्टेअर्स’शी जुळते. पुढे यमकाचा शब्दच गळतो आणि नुसते ‘ॲपल्स’ उरते. मूळ जोडी ठाऊक नसलेल्याला मग जिना काही सापडत नाही. जॉन कॅमडेन हॉटनने १८५९ साली काढलेल्या कोशात अशा शब्दांची यादी आहे. ही बोली रस्त्यावर माल आणि गाणी विकणाऱ्यांची. परक्याला कळू नये हा तिचा एक उपयोग. मौज हा दुसरा, आणि बहुधा मोठा.

धर्माच्या भाषेपुढे हाच प्रश्न जास्त वजनाने उभा राहतो. ईश्वराविषयीचे बोलणे जाणत्यांपुरते राखावे, की कोणाच्याही तोंडी जाऊ द्यावे? महानुभाव पंथाने दोन्ही केले. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींनी उपदेशासाठी मराठी निवडली. पुढे त्याच पंथाने आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत बंद केले आणि वि. का. राजवाडे यांनी विसाव्या शतकात सकळ लिपी उलगडेपर्यंत ते बाहेरच्या अभ्यासकाला वाचता येत नव्हते. भाषा सर्वांची, अक्षरे मोजक्यांची! भीती असो वा पावित्र्याची जपणूक, मराठी निवडण्यामागचा हेतू या लिप्यांनी अर्धा उणावला.

वारकऱ्यांचे यमक याच्या उलट चालते. मोठ्या अभंगात दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचे यमक जुळते, चौथा चरण आखूड राहतो. ओवीत पहिले तीन चरण जुळतात आणि चौथा मोकळा सुटतो. दुसरा चरण कानी पडला की तिसऱ्याचा शेवट ऐकणाऱ्याच्या ओठांवर अगोदरच येऊ लागतो. अक्षरओळख नसलेल्याला पाठांतर जमते ते यामुळे. जनाबाईसारख्या दासीची रचना शतकानुशतके टिकली, त्यात या बांधणीचा वाटा मोठा आहे.

यावर एक रास्त आक्षेप आहे. एकनाथांच्या भारुडांत जोशी, गोंधळी, विंचू अशी रोजची पात्रे रोजच्या बोलीत बोलतात, पण अर्थ आत दडलेला असतो; मग हीही गुप्त बोलीच नव्हे काय? फरक असा की भारूड उकलून सांगण्यासाठीच रचलेले असते. कीर्तनात रूपक उलगडले जाते आणि गर्दी हसते. लंडनच्या फेरीवाल्याचा शब्द परक्यापुढे उकलला की त्याचे कामच संपते.

गोव्यात या यमकाची ताकद एका इंग्रजाने ओळखली. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली येथे आले. लॅटिनच्या पंडिताला लॅटिन छंद जवळचा वाटला असता, पण १६१६ साली रायतूरला छापलेले त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ ओवीत आहे. छपाई रोमी अक्षरांत झाली, तरी ऐकणाऱ्याला अक्षरांशी कर्तव्य नव्हते. त्याला ओवीची चाल ओळखीची होती.

डिचोली तालुक्यातील साखळीत या प्रश्नाला आणखी एक पीळ पडतो. हा मुलूख नव्या काबिजादीतला, म्हणजे पोर्तुगीजांनी नंतर जिंकलेल्या भागातला. पोर्तुगीज अंमल येथे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात आला, त्यामुळे जुन्या काबिजादींतल्यासारखी देवळांची मोडतोड येथे झाली नाही. वाळवंटी नदीकाठच्या विठ्ठलापुरात विठ्ठलाचे देऊळ आहे आणि तेथे चैत्रात उत्सव भरतो. घरात कोंकणी बोलणारी माणसे विठ्ठलापुढे मराठी अभंग म्हणतात. म्हणजे संतांनी लोकांची म्हणून निवडलेली भाषा येथे घरची नाही, देवळाची आहे. काही जुने शब्द तर आता मराठी घरांतही दुर्बोध झाले आहेत. तरीही लंडनच्या बोलीसारखे येथे कोणी बाहेर राहत नाही. बुवांनी चरण उचलला की मागचे झील धरतात. ज्याला अर्धे शब्द कळत नाहीत त्यालाही यमक कुठे पडणार ते ठाऊक असते. अर्थ न कळता म्हटलेले नाम फळते का, यावर संप्रदायात मतभेद आहेत. नामाचा महिमा सांगणारे ‘फळते’ म्हणतात, तर ज्ञानमार्गाकडे झुकणारे अर्थाचा आग्रह धरतात.