गोऱ्हा कुठे गेला?

दिवाळीची सुरुवात वसुबारसेने होते. तिन्हीसांजेला वासरासह गाईची पूजा होते आणि ज्या घरांत हा उपास पाळतात तिथे त्या दिवशी दूध, दही, ताक, तूप यांतले काही तोंडात घालत नाहीत. बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी खाऊन उपास सोडतात. दुधावर पहिला हक्क वासराचा आहे आणि वर्षातून एक दिवस तरी तो मोडू नये, असा या व्रताचा अर्थ लावायला हरकत नसावी. १९४४ साली इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या मूठभर सोबत्यांनी ‘वीगन’ हा शब्द रूढ केला, तेव्हा त्यांचे भांडणही याच जागी होते. मांस सोडून दूध आणि अंडी चालू ठेवणाऱ्या शाकाहाऱ्यांना ते सांगत होते, की तुम्ही अर्ध्या वाटेत थांबला आहात. पुढे २०१४ पासून ब्रिटनमध्ये जानेवारीचा महिनाभर प्राण्यांपासून मिळणारे काहीही न खाण्याची मोहीम सुरू झाली आणि तिचे लोण आपल्या शहरांपर्यंत आले. मोहिमेचा रोख मुख्यतः मांस खाणाऱ्यांवर आहे: महिनाभर करून पाहा आणि तेवढ्यात जनावरे कशी पाळली जातात तेही जाणून घ्या.

मराठी मांसाहाऱ्याला या प्रयोगात मटण सोडणे जड जाण्याचे कारण नाही. केंद्र सरकारच्या २०१४ च्या नमुना नोंदणी पाहणीत महाराष्ट्रातली सुमारे ६० टक्के माणसे मांसाहारी आढळली, पण त्यांतली फार थोडी बारा महिने मांस खातात. आखाड सरला की श्रावण, मग नवरात्र, शिवाय एकादशी, सोमवार, गुरुवार. घरात कुणी पंढरीची माळ घातली की त्याचे ताटच कायमचे वेगळे होते. सोडण्याचा सराव आपल्याला पिढ्यान् पिढ्यांचा आहे. मात्र या सोडण्यात बोकडाचा विचार कुठेच नसतो. विचार असतो तो आपल्या तोंडाचा आणि पुण्याचा. श्रावणात वाचलेला बोकड श्रावण संपल्यावर कापला जातो आणि त्यात कुणाला विसंगती वाटत नाही. वीगन आहाराचा प्रश्न निराळा आहे. ताटातले अन्न शुद्ध की अशुद्ध, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. ते कुणाकडून आले आणि देणाऱ्याचे पुढे काय झाले, हे तो विचारतो. त्यामुळे हा प्रयोग करणारा मटणापाशी अडत नाही, पहिल्याच सकाळी चहापाशी अडतो. आणि तिथे अडला हे बरेच झाले. कारण दूध आणि कत्तल हे दोन वेगळे धंदे नाहीत, एकाच दाव्याची ती दोन टोके आहेत, हे शहरातल्या डेअरीच्या काउंटरवर कळत नाही. बीड जिल्ह्यात ते उघड्यावर दिसते.

गाय व्यायल्याशिवाय दूध देत नाही. हे इतके साधे आहे की कुणी बोलून दाखवत नाही, आणि न बोलल्यामुळे विसरले जाते. दूध चालू राहायचे तर गाय पुन्हा गाभण राहिली पाहिजे, आणि ढोबळ मानाने दर दोन वेतांत एक गोऱ्हा होणार. पूर्वी या गोऱ्ह्याची चिंता नव्हती, उलट त्याचीच वाट पाहिली जाई. लाल कंधारी किंवा देवणी गाईचा गोऱ्हा म्हणजे उद्याचा बैल. नांगराला, मोटेला, गाडीला तोच. दूध ही वरकड मिळकत होती. आता बीडच्या आष्टी-पाटोदा पट्ट्यात डेअरीला दूध घालणारा शेतकरी जर्सी किंवा होल्स्टिन रक्ताची संकरित गाय पाळतो. तिच्या गोऱ्ह्याला धड वशिंड येत नाही, त्यामुळे मानेवर जू नीट बसत नाही, आणि मराठवाड्याचे ऊन त्याला सोसत नाही. शिवाय नांगरट ट्रॅक्टरने होते. गोऱ्हा गोठ्यात असेपर्यंत आईचे दूध मागतो, आणि ते दूध तर विकायचे असते. २०१२ आणि २०१९ च्या पशुगणनांमध्ये या साऱ्याचा पडसाद आहे. त्या सात वर्षांत देशातल्या गाई आणि कालवडी मिळून सुमारे १८ टक्क्यांनी वाढल्या, तर बैल, वळू आणि गोऱ्हे मिळून सुमारे ३० टक्क्यांनी घटले. मादी वासरेच जन्माला यावीत म्हणून लिंगनिश्चित वीर्य आता मिळू लागले आहे, पण त्या काळात त्याचा प्रसार नगण्य होता. म्हणजे नर जन्मत होते, आणि मोजणीच्या दिवशी गोठ्यात नव्हते. ते सगळे काही म्हातारे होऊन मेले नाहीत.

याच काळात कायदा बदलला. महाराष्ट्रात गोहत्याबंदी १९७६ च्या कायद्यापासून होतीच. बैल आणि वळू यांनाही ती लावणारी दुरुस्ती विधिमंडळाने १९९५ साली मंजूर केली होती. तिला राष्ट्रपतींची संमती २०१५ मध्ये मिळाली आणि त्या मार्चपासून ती लागू झाली. कत्तलीला पाच वर्षांपर्यंत कैद आहे. पुढल्या वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने कत्तलबंदी कायम ठेवली, मात्र परराज्यातून आणलेले गोमांस जवळ बाळगणे हा गुन्हा ठरवणारे कलम रद्द केले. म्हैस आणि तिचे टोणगे बंदीबाहेरच राहिले. दुधासाठी पाळलेल्या दोन जनावरांपैकी एकाच्या नराला कायद्याने अभय आणि दुसऱ्याच्या नराला बाजार, यातले तर्कशास्त्र जनावराच्या वेदनेवरून ठरलेले नाही, हे सांगायला नको. म्हातारा बैल विकून आलेल्या पैशांत भर घालून नवी जोडी घ्यायची, ही शेतकऱ्याची जुनी रीत या दुरुस्तीने मोडली. आता थकलेला बैल मरेपर्यंत पोसायचा, चोरवाटेने विकायचा, नाहीतर मोकाट सोडायचा. पुण्य कायद्याचे आणि कडब्याचा खर्च नेकनूरच्या गुरांच्या बाजारातून जनावर परत घेऊन जाणाऱ्याचा, अशी ही वाटणी आहे.

हा खर्च किती, ते दुष्काळात कळते. बीडचा सरासरी पाऊस सातशे मिलिमीटरच्या आत, आणि तोही बेभरवशाचा. २०१९ च्या उन्हाळ्यात राज्यातल्या चारा छावण्यांपैकी सर्वाधिक बीड जिल्ह्यात होत्या. सरकार मोठ्या जनावरामागे दिवसाला ९० रुपये देत होते, पुढे ते १०० केले. म्हणजे काहीही न देणाऱ्या जनावराला नुसते जिवंत ठेवायचे तर वर्षाला छत्तीस हजारांच्या घरात रक्कम लागते, आणि बैलाचे आयुष्य पंधरा-वीस वर्षांचे. दुधाच्या भावात हा आकडा कधीच धरलेला नसतो. धरला तर ज्या भावाने दूध मिळते त्या भावाने ते मिळणार नाही. स्वस्त दुधाची उरलेली किंमत कुणीतरी भरतच असते: कधी शेतकरी, आणि बहुतेक वेळा गोऱ्हा.

कत्तल नको आणि दुधाचा धंदाही नको, असे ठरवून जनावरे सांभाळली तर काय होते, याचे उदाहरणही याच जिल्ह्यात आहे. शिरूर कासार तालुक्यातल्या दहिवंडीचे शब्बीर सय्यद, म्हणजे लोकांचे शब्बीरमामू, यांना २०१९ साली पद्मश्री मिळाली. घराण्याचा धंदा खाटकाचा. वडिलांनी तो सोडला आणि मुलाने शंभरावर गुरे पाळण्यात आयुष्य घातले. दूध विकायचे नाही, जनावर कसायाला द्यायचे नाही, बैल दिलाच तर शेतकऱ्याला, आणि घर चालवायचे ते मुख्यतः शेणखताच्या पैशांवर. त्यांचे कौतुक पुष्कळ झाले आणि ते योग्यच होते. पण कौतुक करणाऱ्यांनी त्यांचा जमाखर्च वाचला नाही. गाईला खरोखर न मारता पाळायचे तर पाळणाऱ्याने गरीब राहायचे, एवढे त्यात स्पष्ट लिहिले आहे. जे काम एका माणसाने पदरमोड करून केले म्हणून राष्ट्रपती भवनात सन्मान होतो, तेच काम राज्यातल्या प्रत्येक कोरडवाहू शेतकऱ्याने फुकट करावे अशी कायद्याची अपेक्षा आहे.

वीगन आहारावर सर्वांत गंभीर आक्षेप जातीचा आहे आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. आपल्याकडे काय खाऊ नये हे सांगणाऱ्याने नेहमीच दुसऱ्याच्या ताटात पाहिले आहे. शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ हे पुस्तक २०१५ साली, म्हणजे नेमके त्या दुरुस्तीच्या वर्षी आले. मराठवाड्यातल्या महार-मांग घरांत काय शिजत होते, मांसाच्या चान्या कशा वाळवत, तेलातुपाशिवाय स्वयंपाक कसा होई, हे त्यात आहे. गावाने टाकलेल्या जनावरावर ज्यांना जगावे लागले, त्यांना आज अहिंसेचा धडा द्यायला जाणे हा निव्वळ उद्धटपणा आहे. पण दुधाचा प्रश्न नीट विचारला तर बोट उलटे वळते. सोवळ्यात पेढा खाणारा आणि मोहल्ल्यातून मटण आणणारा हे दोघे त्या प्रश्नापुढे एकाच ओळीत उभे राहतात, आणि पेढेवाल्याला तर आपल्या गोऱ्ह्याचे काय झाले याची वार्ताही नसते. खाटकाने निदान जनावर पाहिलेले असते. शाकाहाराचा अहंकार मोडायला याहून सरळ युक्तिवाद मला ठाऊक नाही.

दुसरा आक्षेप कोरडवाहू शेतीचा, आणि तो मला बराचसा मान्य आहे. ज्वारीचे दाणे माणसाला, कडबा जनावराला, शेण रानाला, हे चक्र शहाण्या माणसांनी बसवलेले होते. उस्मानाबादी शेळी बाभळीच्या पाल्यावर आणि शेंगांवर वाढते, बहुधा जुळी देते, आणि भूमिहीन बाईला अडीनडीला तिचाच आधार असतो. माणसाचे धान्य जनावराला घालून वाया जाते, हा पाश्चात्त्य मुद्दा या शेळीला लागू पडत नाही. पण ते चक्र राहिले कुठे? बीडमध्ये खरिपात आज कापूस आणि सोयाबीन आहे. सोयाबीनचे तेल निघाले की पेंड मुख्यतः कोंबडीखाद्यात जाते. ज्या दाण्याचे दूध आणि पनीरही होते तो आपण ब्रॉयलरमार्गे खातो. तो ब्रॉयलर सहा आठवड्यांत दोन किलोचा होऊन संपतो. आणि अंड्यांच्या जातीचा नर, ना अंडी देणारा ना मांस धरणारा, उबवणी केंद्रात पहिल्याच दिवशी मारला जातो. गोऱ्ह्याचीच गोष्ट, फक्त जास्त झटपट.

हा सगळा श्रीमंतांचा चोचला आहे, असेही म्हणतात. बदामाचे दूध चोचला आहे खरे. भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी, पिठले हा चोचला नव्हे. दिवाळीनंतर कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्राकडे जाणारा बीडचा ऊसतोड मजूर बहुतेक दिवस तेच खातो. मात्र याला आदर्श म्हणायची चूक करू नये. न मिळणे आणि न खाणे यांत फरक आहे. त्याच्या मुलाच्या ताटातले अंडे कुणी तत्त्वासाठी काढून घेऊ म्हणेल, तर मी अंड्याच्या बाजूने उभा राहीन. ज्याला पर्याय आहे त्यानेच हा प्रयोग करावा, आणि ब-१२ जीवनसत्त्व वनस्पतींतून भरवशाने मिळत नाही म्हणून गोळी घ्यावी. गांधीजींनी १९१२ मध्ये दूध सोडले. १९१८ च्या आजारपणानंतर शेळीचे दूध घेतले आणि व्रताचे शब्द राखून त्याचा आत्मा मोडला, हे आत्मकथेत स्वतःच कबूल केले. त्यांना ही गोळी उपलब्ध नव्हती. आपल्याला आहे.

महिनाभर वीगन राहिलेला पुन्हा मटणाकडे वळला तरी मला त्याचे फारसे वाईट वाटणार नाही. दुधाच्या पिशवीमागचा गोऱ्हा त्याला दिसला असेल, तर जनावर पोसण्याच्या खर्चाबद्दल तो निदान सरकारला प्रश्न विचारील. सप्टेंबर २०२४ मध्ये राज्याने देशी गाईला ‘राज्यमाता’ घोषित केले आणि गोशाळेतल्या प्रत्येक देशी गाईमागे दिवसाला ५० रुपये अनुदान ठरवले, म्हणजे २०१९ च्या छावणीच्या दराच्या निम्मे. संकरित गाईचा गोऱ्हा त्या योजनेत बसत नाही.