घर टिकले म्हणजे काय झाले?

'सोशिक' हे विशेषण आपण बाईला लावतो, फार तर बैलाला. पुरुषाला ते क्वचितच लागते. आणि लावताना आपला सूर कौतुकाचा असतो. या कौतुकाविषयी मला शंका येऊ लागली, तिचे कारण एक जुनी बैठक आहे.

१९८५ साली मी रिसोडजवळच्या एका खेड्यात मास्तर होतो. वाशिम तेव्हा अकोला जिल्ह्यात होते. तुरी निघण्याच्या दिवसांत गावातली एक लेक मार खाऊन माहेरी आली, कडेवर तीन वर्षांची पोर. पारावर चार माणसे बसली; शिकलेला म्हणून त्यांत मी. नवरा मारतो हे कोणी नाकारले नाही, खुद्द नवऱ्यानेही नाही. बोलणे झाले ते घर मोडू नये एवढ्यावरच. १९८३ च्या अखेरीस दंडविधानात पतीच्या क्रौर्याविषयी ४९८-अ हे कलम आले होते. मी ते वर्तमानपत्रात वाचले होते आणि पारावर तोंडातून काढले नाही. 'पुन्हा असे होणार नाही' असे नवऱ्याकडून वदवून घ्यावे, ही सूचना मात्र माझीच. ती एवढेच म्हणाली, "तुम्ही म्हनता त जाईन. पन पोट्टीले इथंच राहू द्या." आम्हांला तो रुसवा वाटला.

मार थांबला नाही. घर टिकले.

शेजारच्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्रीपुरुषतुलना' लिहून पतिव्रताधर्माचा हिशेब एकतर्फी आहे हे उघड सांगितले होते. एकशेतीन वर्षांनंतर आम्ही तोच हिशेब मांडून बसलो होतो. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने राहत्या घरावर बाईचाही हक्क मानला. वेळ पडल्यास न्यायालय मारणाऱ्यालाच घराबाहेर राहायला सांगू शकते. आमच्या बैठकीत ही गोष्ट कोणाच्या स्वप्नातही आली नाही. घर सोडायचे ते तिने आणि परत जायचे तेही तिनेच.

ज्यूडिथ हर्मन या मनोविकारतज्ज्ञ बाईंनी १९९२ साली लिहिले की युद्धावरून आलेल्या सैनिकाच्या आणि घरात मार खाणाऱ्या बाईच्या मनावरचे घाव एकाच जातीचे असतात. सैनिक निदान घरी तरी परततो!

दुसरा अभ्यास एमी वर्नर यांचा. हवाई बेटांपैकी कौआईवर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा मागोवा त्यांनी कित्येक दशके घेतला. दारिद्र्य आणि कलह यांत वाढलेल्या मुलांपैकी सुमारे एकतृतीयांश धडपणे उभी राहिली. त्यांतल्या अनेकांना आजी, मावशी, शेजारीण असे एखादे तरी खात्रीचे माणूस लाभले होते. हे वाचताना मला ते रुसव्याचे वाक्य आठवले आणि पुस्तक मिटावे लागले. पोर आजीजवळ वाढली होती. आम्ही घर वाचवीत होतो, ती पोर वाचवीत होती. आणि त्यासाठी ती पोरीवाचून राहिली.

एका स्नेह्याला हे सांगितले. तो म्हणाला, "म्हणजे शेवट चांगलाच झाला की!" झाला. पण जे चांगले झाले ते आमच्या निवाड्यातून झाले नाही. तो निवाडा अंगावर घेऊन तिने त्यातून बाजूला काढले. कुटुंबाच्या चिवटपणाची चर्चा करताना नेमकी हीच चोरी होते. उरले त्याचे कौतुक करता करता पारावरची चार माणसे निर्दोष सुटतात.

ती पोर आता वाशिमला परिचारिका आहे. आई तिच्याकडेच असते. गेल्या वर्षी मी मुद्दाम गेलो. काय बोलायचे ते वाटेत दोनदा जुळवले होते. बाईंनी लगेच ओळखले, खुर्ची पुढे केली आणि आतून विचारले, "मास्तर, चहात साखर चालते ना तुमाले?"

चालते, म्हणालो. चहा घेतला आणि उठलो.