गोरोबाकाकांचे थापटणे



चैत्र वद्य त्रयोदशी ही काकांची पुण्यतिथी. त्या सुमारास तेरला समाधीपुढे कीर्तने होतात आणि मडक्यांच्या परीक्षेची कथा त्यांत येतेच येते. सर्व संत जमले आहेत. मुक्ताबाई काकांचे थापटणे पाहून विचारतात, काका, हे काय? काका सांगतात, मडके कच्चे की पक्के ते याने कळते. मग आमचीही मडकी पाहा की! काका उठतात आणि एकेकाच्या डोक्यावर थापटणे मारीत जातात. सगळे मुकाट बसले, एक नामदेवराय तेवढे रागावले. काकांनी निकाल दिला, एवढे एक मडके कच्चे आहे. श्रोते हसतात, बुवा टाळी घेतात, कथा पुढे जाते.

परंतु वारकरी बंधुभगिनींनो, थापटणे कशाला म्हणतात, कच्चे मडके कच्चे का, हे आज कितीजणांस ठाऊक आहे? घरात स्टीलची पिंपे, प्लास्टिकच्या बादल्या. कुंभार आठवतो तो संक्रांतीच्या सुगडांना आणि दिवाळीच्या पणत्यांना. तेव्हा आधी काम पाहू, मग दृष्टान्त.

माती आणली की ती आयती चाकावर चढत नाही. वाळवायची, कुटायची, चाळायची, भिजत घालायची, तीत राख नाहीतर घोड्यागाढवाची लीद मिसळायची आणि मग पायांनी तुडवायची. तासन् तास तुडवायची. एखादा खडा राहिला तर मडके तिथेच फुटणार, हवेचा बुडबुडा राहिला तरी तीच गत. या तुडवण्यात पाय आपोआप चालतात, मन मोकळे राहते. आमच्या संतांनी आपापला धंदा का टाकला नाही, याचे एक कारण इथे सापडेल. सावतोबांचा मळा, सेनाजींचा वस्तरा, नरहरींची हातोडी, काकांची माती, हात कामात आणि मुख नामात. पण याच तुडवण्यात काकांचे रांगते मूल पायांखाली आले, हेही विसरू नये. कित्येक कीर्तनकार हा प्रसंग भक्तीची थोरवी म्हणून सांगतात. आम्हांस ते पटत नाही. देहभान हरपणे ही थोर अवस्था खरी, पण त्या कथेत आईचा आक्रोशही आहे, आणि परंपरेने तो पुसून टाकलेला नाही. तो ऐकून मगच पुढे जावे. असो.

चाकावरून उतरलेले मडके लहान व जाड असते. थोडे सुकल्यावर कुंभार ते मांडीशी घेतो, आत दगडाचा गोटा धरतो आणि बाहेरून लाकडी थापटण्याने हलके हलके ठोकीत जातो. ठोक्यागणिक अंग पातळ होते, पोट मोठे होते. चाकावर शेरभर पाण्याचे वाटणारे मडके ठोके खाऊन घागरीएवढे होते. म्हणजे थापटणे हे मूळचे परीक्षेचे हत्यार नव्हेच, ते वाढवण्याचे हत्यार! नामदेवरायांना तो मार वाटला. काकांच्या हाताला मात्र दुसरे काही ठाऊकच नव्हते.

आता कच्चेपणाकडे वळू. उन्हात खडखडीत वाळलेले मडके दिसायला पक्क्याहून सुबक दिसते. काळे डाग नाहीत, धुराचा वास नाही. पण त्यात पाणी भरून ठेवा, काही वेळात त्याचा पुन्हा चिखल! असे का व्हावे? तर मातीत पाणी दोन प्रकारचे असते. एक आपण घातलेले, ते ऊन्हावाऱ्याने जाते. दुसरे मातीच्या कणाकणांत घट्ट बांधलेले. ते डोळ्यांस दिसत नाही, हातास लागत नाही, आणि वैशाखाच्या उन्हालाही दाद देत नाही. आव्यात सुमारे ५०० ते ६०० अंशांची आच लागली म्हणजेच ते निघते. एकदा ते गेले की त्या मातीचा पुन्हा चिखल होत नाही. मडके फुटेल, खापर होईल, पण चिखल होणार नाही. नाद येतो तो अशा मडक्याला. कच्चे मडके वाजवले तर बद्द बोलते.

नामदेवरायांचे वरचे पाणी केव्हाच आटले होते. प्रपंचाची आस नाही, मानाची हाव नाही, देव प्रत्यक्ष हातचे जेवलेला. राहिले होते ते आतले पाणी, देव माझ्याशी बोलतो, हे. दारू, मांस, लबाडी हे वरचे पाणी. माळ घातली, नेमाने वारी धरली, की ते पुष्कळांचे सुकते. आमच्या गावोगावच्या माळकऱ्यांत हे रोज दिसते, आणि त्याचे मोल थोडे नाही. पण आतले पाणी वारीच्या उन्हात सुकेलच असे नाही. ते पाहायला थापटणेच लागते.

याचा एक दाखला दूरदेशीचा आहे. गेल्या शंभर वर्षांत शिकलीसवरली माणसे आवडीने कुंभारकामात शिरली. स्वतःच्या छोट्या शाळेत माती मळण्यापासून भाजण्यापर्यंत सारे स्वतःच करायचे. त्यांना स्टुडिओ पॉटर म्हणतात. आपल्याकडे सरदार गुरचरण सिंग १९१९ साली जपानात जाऊन हे शिकून आले आणि १९५२ साली त्यांनी दिल्लीत आपला कारखाना काढला. सेवाग्रामला नई तालीममध्ये १९४४ साली कला शिकवावयास आलेले देवीप्रसाद हेही पुढे याच वाटेचे मोठे कुंभार झाले. या लोकांचे जिणे वाटते तसे हौसेचे नसते. महिनामहिना घडवलेला माल एका रात्रीत भट्टीत वाकडा होतो, तडकतो, रंग बिघडतो. दार उघडेपर्यंत काय झाले ते कळत नाही. बर्नार्ड लीच हा इंग्रज आणि हमादा शोजी हा जपानी, या दोघांनी १९२० साली इंग्लंडात सेंट आइव्ह्ज येथे भट्टी घातली, तेव्हा आरंभी त्यांचाही पुष्कळ माल असाच वाया गेला.

हमादा शास्त्र शिकलेला माणूस. भांड्यांवरच्या झिलईचे असंख्य प्रयोग केलेला. इंग्लंडहून परतल्यावर मोठ्या शहरात दुकान थाटणे त्याला अवघड नव्हते. पण तो माशिको नावाच्या खेड्यात जाऊन राहिला. तिथले कुंभार स्वयंपाकघरातली बरणी, रांजण, चहाची किटली करणारे. तिथलीच माती, तिथल्याच दगडाची आणि राखेची झिलई, यांवर त्याने जन्म काढला. १९५५ साली जपान सरकारने त्यास जिवंत राष्ट्रीय ठेवा म्हणून गौरविले. आणि या मनुष्याने माशिकोत गेल्यावर आपल्या भांड्यांच्या बुडाशी सही करणे सोडून दिले होते! भांडे ठेवायच्या लाकडी पेटीवर तो नाव लिही, भांड्यावर नाही. हा विठोबाचा भक्त नव्हे, आमच्या पंथाचा नव्हे. पण आतले पाणी काढण्याची त्याची खटपट आम्हांस काकांच्या आव्याजवळची वाटते.

यावर कोणी चतुर श्रोता म्हणेल, महाराज, मग आमच्या संतांनी अभंगाच्या शेवटी आपले नाव का घातले? ती सही नव्हे काय? शंका रास्त आहे. उत्तर मुद्रेतच आहे. काकांच्या मुद्रेत गोरा हे नाव येते आणि त्याला चिकटून कुंभार येतो. पदवी नाही, बिरुद नाही, पोट भरायचा धंदा. ज्या समाजात कुंभार पंगतीला कुठे बसणार हे ठरलेले होते, तिथे हा शब्द अभंगाच्या तोंडी ठेवणे हे मिरवणे नव्हे. शिवाय छांदोग्यात उद्दालक श्वेतकेतूला सांगतो त्याप्रमाणे एक मातीचा गोळा जाणला की सारी मडकी जाणली, नावे तेवढी बोलण्यापुरती. काकांना हे पोथीतून शिकावे लागले नाही. रोज संध्याकाळी चाकाजवळ उरलेला चिखल ते पुन्हा गोळ्यात टाकीत होते.

आता आपल्या बुडाशी पाहू. फडावर, मुक्कामाला, चहाच्या टपरीवर पहिला प्रश्न काय असतो? माउली, आपली कितवी वारी? आणि उत्तर किती चटकन येते! पंचविसावी. चाळिसावी. आमच्या आजोबांपासून. दिंडीत पुढे कोण चालणार, वीणा कोणाच्या गळ्यात, यावरून कित्येक वर्षे बोलणे बंद असलेली घरे आम्ही पाहिली आहेत. दोघांच्याही गळ्यात माळ, दोघांचीही एकादशी चुकलेली नाही. वरचे पाणी दोघांचेही कधीच गेले. कोणी थापटणे उचलले की मात्र बद्द आवाज येतो. यात वारी मोजू नये असे आमचे म्हणणे नाही. मोजावी, म्हाताऱ्या माणसाला तेवढाच आनंद. पण कोणी विचारले नाही तर मनात काय होते, तेवढे बघावे.

नामदेवराय मात्र थोर खरे. रागावले, रडले, देवाकडे गाऱ्हाणे घेऊन गेले. देवाने त्यांची बाजू घेतली नाही, काकांचाच निकाल कायम केला. तेव्हा ते मुकाट्याने उठले आणि आव्याच्या शोधात विसोबा खेचरांकडे निघाले. शिवालयात पिंडीवर पाय ठेवून निजलेला तो म्हातारा पाहून त्यांना पुन्हा राग आलाच. ते प्रकरण पुढील अंकी घेऊ.

रामकृष्णहरि.