परिपत्रक निघालं, पुढे?

१२ मे २०१७ च्या दुपारी इंग्लंडमधल्या सरकारी रुग्णालयांत संगणक एकामागून एक अडकू लागले. प्रत्येक पडद्यावर तीच खंडणी: फायली परत हव्या असतील तर बिटकॉइनमध्ये ३०० डॉलर भरा. 'वॉनाक्राय' या खंडणीखोर सॉफ्टवेअरचा फटका सरकारी आरोग्यसेवा (एनएचएस) चालवणाऱ्या २३६ पैकी किमान ८० ट्रस्टना बसला. रुग्णांच्या १९ हजारांहून अधिक अपॉइंटमेंट रद्द झाल्या असाव्यात, असा अंदाज निघाला. पाच भागांत तर तातडीच्या उपचारांसाठीही लोकांना लांबच्या रुग्णालयात जावं लागलं.

हे टाळता आलं असतं. मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दुरुस्ती दिली होती, तीही फुकट. आरोग्यसेवेचं तंत्रज्ञान सांभाळणाऱ्या 'एनएचएस डिजिटल'ने मार्च आणि एप्रिलमध्ये ती बसवायला सांगितलंही होतं. 'विंडोज एक्सपीसारख्या जुन्या प्रणाली सोडा' असं सांगणारं पत्र तर २०१४ चं. कागदोपत्री सगळं चोख!

मात्र ब्रिटनच्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने नंतर जे मांडलं, ते आपल्याकडच्या कुठल्याही कचेरीला ओळखीचं वाटेल. सूचनांप्रमाणे काम झालं का, हे पाहायची रीतसर सोय आरोग्य खात्याकडे नव्हती. हल्ल्यापूर्वी ८८ ट्रस्टची तपासणी झाली, त्यात एकही उत्तीर्ण झाला नाही. पण सुधारणा करायला भाग पाडण्याचा अधिकार तपासणाऱ्यांना नव्हता. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. जुन्या यंत्रांवर खापर फोडायचीही सोय नाही, कारण बाधित संगणकांपैकी बहुतेक विंडोज ७ चे होते, ज्यांना तेव्हा दुरुस्त्या मिळत होत्या. त्या बसवल्या गेल्या नाहीत, इतकंच.

'आत्ता नको' म्हणणाऱ्या आयटी विभागाची भीती मात्र अगदीच पोकळ नसते. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सायबरसुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक पाडले. भारतातल्या विमानतळांवर त्या दिवशी हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. मुद्दाम एक आवृत्ती मागे राहणाऱ्या ग्राहकांनाही फटका बसला, कारण त्या अपडेटची फाइल त्यांच्या धोरणाला वळसा घालून थेट पोहोचत होती. पुढे कंपनीने असे बदल टप्प्याटप्प्याने पाठवायचं आणि ग्राहकांना त्यावर ताबा द्यायचं मान्य केलं.

म्हणून थांबणं गैर नाही. बेवारस थांबणं गैर आहे. आधी मोजक्या संगणकांवर चाचणी, मग ठरल्या तारखेपर्यंत सगळीकडे. एखाद्या एमआरआय यंत्राला दुरुस्ती चालत नसेल, तर ते बाकी नेटवर्कपासून वेगळं ठेवायचं आणि ही सूट कोणी दिली, त्याचं नाव लिहायचं. या लांबणीची किंमत सही करणारा मोजत नाही, बाकावर बसलेला रुग्ण मोजतो.

विंडोज १० ची नेहमीची मोफत मदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. आपल्या कार्यालयात असे किती संगणक उरलेत आणि ते कोणाच्या नावावर आहेत, हे या आठवड्यात एकदा विचारून पाहा.