माळ कुणाच्या सांगण्यावरून काढायची?



ऑपरेशन किंवा एमआरआयच्या आधी नर्स मंगळसूत्र, माळ, जानवं काढायला सांगते, आणि घरात कुजबुज सुरू होते. एमआरआयचं चुंबक सतत चालू असतं, तिथे धातू नकोच. पण तुळशीची माळ लाकडाची. ती कशाला आड येते, हातात बांधली तर चालेल का, हे विचारणं म्हणजे उद्धटपणा नव्हे. तपासणीला दिलेली संमती ऑपरेशनला लागू होत नाही, असं सुप्रीम कोर्टाने २००८ साली समीरा कोहली प्रकरणात सांगितलंय. इतकी किंमत रुग्णाच्या होकाराला आहे!

मात्र खरी अडचण डॉक्टरांपेक्षा आपलीच असते. सासूबाई स्वतः म्हणाल्या, “काढा गं माळ,” तर “नको, गुरूंची आहे” म्हणणारे आपण कोण? त्यांनाच विचारा, आणि तेही भूल देण्याआधी.